षट्कर्णी

मुंजीचा मुहूर्त उलटून गेलेला असतो, अक्षता सतरंजीवर विखुरलेल्या असतात आणि पाहुण्यांचं लक्ष एव्हाना जेवणाच्या हॉलकडे लागलेलं असतं. त्या गडबडीत होमापाशी बाप आणि बटू यांच्या डोक्यावरून एक शाल ओढली जाते. आत बाप मुलाच्या कानात गायत्री सांगतो. आधी एकेक चरण, मग अर्धी ऋचा, मग सबंध. हा क्रम गृह्यसूत्रांपासून चालत आलेला आहे. शाल अशासाठी, की तिसऱ्याच्या कानावर पडू नये. आणि त्याच कार्यालयाच्या लिफ्टमध्ये तीच गायत्री दिवसभर वाजत असते. लिफ्टचं दार नीट लागलं नाही, की ती मध्येच तुटते आणि 'कृपया दरवाजा बंद करा' सुरू होतं.

भावाच्या मुंजीत मी शालीच्या बाहेर होते, हे वेगळं सांगायला नको. पुढे साताऱ्यात बँकेत कॅशियर म्हणून नोकरी केली, आयुष्य नोटा मोजण्यात गेलं, आणि निवृत्त झाल्यावर जपाच्या इतिहासाकडे वळले ती भक्तीपेक्षा चौकसपणामुळे. एवढी माणसं इतकी शतकं नेमकं काय मोजत बसली होती, हे मला बघायचं होतं. ध्यानाला बसणारी मंडळी मंत्राबद्दल दोन गोष्टी विचारतात: तो आला कुठून आणि त्याचा अर्थ काय. दोन्ही रास्त आहेत. पण आपल्याकडे मंत्रावरून खरी भांडणं झाली ती तिसऱ्याच मुद्द्यावर: तो कुणाच्या कानात सांगायचा.

गायत्रीपासूनच सुरुवात करू. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं बासष्टावं सूक्त १८ ऋचांचं आहे. इंद्र-वरुण, बृहस्पती, पूषा, सविता, सोम, मित्र-वरुण अशा बऱ्याच देवांना त्यात थोडी थोडी जागा मिळाली आहे. सवित्याच्या वाट्याला तीन ऋचा आल्या, त्यांतली पहिली म्हणजे सूक्तातली दहावी, ती ही. ऋषी विश्वामित्र. सवित्याच्या तेजाचं चिंतन आणि त्याने आमच्या बुद्धीला चालना द्यावी ही मागणी, एवढाच तिचा आशय. तिथे ती इतर ऋचांसारखीच एक आहे. पुढे ही एवढी मोठी होणार अशी कसलीही खूण आजूबाजूला नाही. आपण सुरुवातीला ॐकार आणि भूः, भुवः, स्वः म्हणतो, तो भाग मूळ ऋचेतला नव्हे.

छंद गायत्री, म्हणजे आठ अक्षरांचे तीन चरण, बेरीज २४. मात्र पहिला चरण बोटांवर मोजून पाहा, सातच भरतात. छंदशास्त्राने यावर उपाय काढला तो असा, की 'वरेण्यं' हा शब्द 'वरेणियं' असा फोडून मोजावा. जपताना उच्चारही तसाच करावा असं मानणारे आहेत. दिवसाअखेर एक नोट कमी भरली तर कॅशियरला घरी जाता येत नाही. छंदवाल्यांचंही तसंच झालं असावं.

ही साधी ऋचा मोठी झाली ती उपनयनात गेल्यामुळे. तिथेही आरंभी सगळ्यांना एकच मंत्र नव्हता. काही गृह्यसूत्रं ब्राह्मणाच्या मुलाला गायत्री छंदातली सावित्री देतात, क्षत्रियाच्या मुलाला त्रिष्टुभातली आणि वैश्याच्या मुलाला जगतीतली. मंत्र तीन, कान तीन. चौथ्या वर्णाला आणि बायकांना कुठलाच नाही. शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं शिसं किंवा लाख भरावी, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. असा दंड प्रत्यक्षात किती जणांना झाला, हा वेगळा विषय. शिक्षा जिभेच्या आधी कानाला सांगितली आहे, याकडे माझं लक्ष गेलं.

मनुस्मृतीत जपाचा भाव दिलेला आहे. विधियज्ञाच्या दहापट जपयज्ञ, ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला उपांशु जप शंभरपट, आणि मनातल्या मनात केलेला हजारपट. याचं स्पष्टीकरण सहसा असं देतात, की जप जितका आत जाईल तितकं मन एकाग्र होतं. ते खरंच आहे, बसून पाहिलं की कळतं. पण त्याला दुसरीही बाजू आहे. सर्वांत वरचा भाव मिळाला तो कुणालाच ऐकू न येणाऱ्या जपाला. यज्ञातला मंत्र बहुधा मोठ्याने म्हणायचा असे, ऋत्विजांनी एकमेकांना प्रतिसाद द्यायचा असे. खुद्द ॐकारसुद्धा होकार देण्याचं अक्षर आहे, असं छांदोग्य उपनिषद सांगतं. तोच मंत्र यज्ञमंडपातून निघून एकट्या माणसाच्या आत गेला. ध्यान आणि गुपित एकाच घरात वाढली, असं मला तरी दिसतं. जपमाळ झाकणारी गोमुखी त्याच घरातली. हात पिशवीत, मंत्र तर ऐकू येत नाहीच, किती झाला तेही दिसत नाही.

गोमुखी नसेल त्याला करमाळा. ही मला माझ्या सासूबाईंनी शिकवली, आणि नोटा मोजणाऱ्या बोटांना ती लगेच जमली. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करायचं, खाली तिच्या मुळाशी यायचं, मग करंगळीच्या मुळावरून वर चढत तिच्या टोकाला. तिथून अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, तर्जनीचं टोक, आणि तर्जनीवरून खाली मुळापर्यंत. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं तेवढी वगळायची, तो मेरू. दुसऱ्या हाताच्या पेरांवर दहाचा एकेक धरत गेलं की शंभर. माळेतला मेरूमणी ओलांडायचा नाही आणि बोटांवरचा मेरू शिवायचा नाही.

अर्थाच्या वादाचं मात्र आटोपशीर सांगते, कारण तो पंडितांनी भरपूर घोळला आहे. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या माणसाचं मत दिलेलं आहे, की मंत्रांना अर्थ नसतो. त्याचे मुद्दे नास्तिकाचे वाटत नाहीत, व्यवहारी माणसाचे वाटतात. मंत्रातला एक शब्द पुढेमागे करता येत नाही, शब्दाच्या जागी समानार्थी शब्द चालत नाही. अर्थ महत्त्वाचा असता तर हे चाललं नसतं का? शिवाय काही मंत्र एकमेकांना छेद देतात, काही कळतच नाहीत. यास्क उत्तरं देतो आणि शेवटी जरा चिडतोच: आंधळ्याला खांब दिसला नाही, तर तो काही खांबाचा अपराध नव्हे. पतंजलीने योगसूत्रांत दोघांच्या मधली वाट काढली. प्रणवाचा जप करा आणि त्याच्या अर्थाची भावनाही करा. कौत्साला विसाव्या शतकात एक साथीदार मिळाला, फ्रिट्स स्टाल हा डच पंडित. १९७५ साली केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्रींनी बारा दिवसांचं अग्निचयन केलं, ते त्याने चित्रित करवून घेतलं, आणि पुढे यज्ञकर्म आणि मंत्र यांना नियम असतात पण अर्थ नसतो, असा सिद्धांत मांडला. मला कौत्स पटतो, पण अर्धाच. जपताना अर्थ हरवतो हे खरं. मात्र अर्थ मुळातच नसता तर कान झाकायची एवढी यातायात कुणी केली नसती.

आता शाल बाजूला ठेवून औरंगाबादला चला. लेण्यांच्या डोंगरात सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीत, दाराच्या डावीकडे उभा अवलोकितेश्वर आहे. सहाव्या-सातव्या शतकातलं काम. मधोमध मूर्ती, आणि तिच्या दोन्ही अंगांना चार चार छोटे प्रसंग कोरलेले: आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक प्रसंगात वीतभर माणसं आहेत आणि ती हात जोडून मधल्या मूर्तीकडे वळलेली आहेत. मार्गदर्शक बॅटरीचा झोत जहाजावर टाकतो तेव्हा त्यातली माणसं ओळखू येतात. त्यांना वेळ नाही. त्यांच्या कानात कुणी काही सांगितलेलं नाही. ती नाव घेत आहेत, बस्स.

यामागे सद्धर्मपुंडरीक सूत्र आहे; संकटात या बोधिसत्त्वाचं नाव घेणारा तरून जातो असं त्यात सांगितलेलं. ही आश्वासनं कोरून घेणारा प्रदेश व्यापाऱ्यांचा होता. सोपारा आणि कल्याणहून जहाजं सुटत, घाटातून बैलांचे तांडे चढत. लुटारू, साप आणि वादळ ही त्यांची रोजची भयं. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही हाच पट आहे, आणि ते तर समुद्राच्या अधिकच जवळ. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी यात्रेकरू फाहियान सिंहलद्वीपाहून व्यापारी जहाजाने परत निघाला. वादळात जहाजाला भोक पडलं, माल समुद्रात फेकायची वेळ आली, तेव्हा आपण याच बोधिसत्त्वाचा धावा केल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. मंत्र पाठांतराच्या शाळेतून नव्हे, जहाजावरून पसरला, असं म्हणायला मला त्या एका नोंदीने धीर येतो.

याच अवलोकितेश्वराचा सहा अक्षरांचा मंत्र, तिबेटी माणूस चक्र फिरवत म्हणतो तो, 'कारंडव्यूह' नावाच्या संस्कृत सूत्रातून येतो. तो मिळवण्यासाठी एक बोधिसत्त्व बनारसला जातो. तिथे ज्याच्याकडून तो घ्यायचा, तो धर्मकथा सांगणारा माणूस बायकामुलांच्या गराड्यात बसलेला, व्रत मोडलेला, वस्त्रं मळलेली. तरीही बोधिसत्त्व त्याच्या पाया पडतो. सांगणाऱ्याच्या सोवळ्यावर मंत्राची पत अवलंबून नाही, हे या सूत्रकाराने फारच मजेदार रीतीने सांगितलं आहे.

नाथपंथाने आणखी पुढची उडी मारली. कानच नको. श्वास आत येतो आणि बाहेर जातो, त्यातच सोहं चालू आहे; दिवसरात्र मिळून २१,६०० वेळा. हा आकडा हठयोगाच्या ग्रंथांत येतो, आणि मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा भागाकार करून पाहिला. दिवसाची मिनिटं १,४४०. मिनिटाला बरोबर १५ श्वास. नर्सबाई घड्याळ धरून मोजतात तेव्हा धडधाकट माणसाचा आकडा साधारण तेवढाच येतो. या अजपाजपाला मुंज नको, वर्ण नको, आणि तो कुणी काढूनही घेऊ शकत नाही. त्र्यंबकच्या डोंगरात गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि पुढे निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना नाथांचा वारसा मिळाला, अशी परंपरा आहे. ज्या भावंडांना मुंजीसाठी पैठणच्या ब्रह्मवृंदाचे उंबरे झिजवावे लागले, त्यांच्याच घरी हा मंत्र यावा, यात योगायोग किती आणि न्याय किती, ज्याचं त्याने ठरवावं.

तुकोबांच्या बाबतीत गुरूने कान गाठला तो थेट स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. बाबाजी चैतन्य भेटले, डोक्यावर हात ठेवला आणि 'रामकृष्णहरी' हा मंत्र दिला. तुकोबांनी हे स्वतःच अभंगात सांगितलं आहे, आणि त्यातला मला सगळ्यांत आवडणारा तपशील म्हणजे गुरूने जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि शिष्याला त्याचा विसर पडला. साक्षात्काराच्या हकिकतीत तुपाचं माप फक्त वाण्याच्या पोटी जन्मलेला कवीच देऊ शकतो. या चैतन्यांची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूरला, कपर्दिकेश्वराच्या देवळापाशी दाखवतात.

स्वप्नाची सोय मोठी आहे. तिथे अधिकार तपासायला कुणी बसलेलं नसतं. बहिणाबाईंनी हेच केलं. देवगावच्या ब्राह्मण कुळातली मुलगी, लहानपणीच बिजवराला दिलेली, फिरत फिरत कुटुंबासह कोल्हापूरला आलेली. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकले आणि ध्यास घेतला. प्रत्यक्ष भेटायचं तर दोन अडचणी: आपण बाई, आणि गुरू शूद्र. स्वप्नात तुकोबा आले आणि त्यांनी मंत्र दिला. नवऱ्याने यावरून तिला मारलं, हेही तिने आपल्या आत्मकथनपर अभंगांत लपवलेलं नाही. पुढे तोच नवरा तिच्याबरोबर देहूला गेला. जात जन्मावरून ठरत नाही असं सांगणारं 'वज्रसूची' मराठीत आणलं तेही याच बाईने.

आणि तुकोबांनी मिळालेल्या मंत्राचं काय केलं? षट्कर्णी करून टाकला. अभंगात घातला, कीर्तनात म्हटला, भर बाजारात वाटला. आज वारकऱ्याच्या घरी फोन लावा, 'हॅलो'च्या जागी 'रामकृष्णहरी' येतं. वारीत पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरला हाक मारायची ती 'माऊली', आणि टँकर थांबल्यावर 'रामकृष्णहरी'. तुळशीची माळ घालताना एकादशी, वारी आणि मांसाहार सोडणं एवढ्याची कबुली घेतात. मंत्र गुप्त ठेवायची अट कुणी घालत नाही, कारण तो माळ घालणाऱ्याला पाळण्यात असल्यापासून पाठ असतो. गुपिताशिवाय मंत्राचं तेज टिकत नाही म्हणणाऱ्यांना याचं उत्तर देता आलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

समर्थ रामदासांचा त्रयोदशाक्षरी राममंत्र त्याच काळातला, पण त्याचा बाज निराळा. लग्नाच्या मांडवातून निघालेला नारायण, म्हणजे पुढचे समर्थ, नाशिकजवळ टाकळीला नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर १२ वर्षं राहिला आणि त्याने १३ कोटी जप केला, असं परंपरा सांगते. माझ्यातली कॅशियर इथे गप्प बसणं शक्य नव्हतं. १२ वर्षांचे दिवस ४,३८३. रोजचा जप २९,६६०. एका जपाला एक सेकंद धरला तर सव्वाआठ तास, दीड सेकंद धरला तर सव्वाबारा. म्हणजे जमण्यासारखं आहे, पण भिक्षा, झोप आणि वाचन सोडून फारसं काही उरत नाही. तीन सेकंद लावले तर मात्र दिवस पुरत नाही. चरित्रकारांचे आकडे बहुधा हवेतले असतात. हा निदान ताळेबंदात बसतो.

हाच मंत्र एकोणिसाव्या शतकात माण तालुक्यातल्या गोंदवल्याला येऊन स्थिरावला. ब्रह्मचैतन्य महाराज १८४५चे. गुरू तुकामाई, हल्लीच्या हिंगोली जिल्ह्यातल्या येहळेगावचे. १९१३च्या डिसेंबरात गोंदवल्यालाच देह ठेवला. माण म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, आणि तिथे महाराजांनी दोनच गोष्टी सढळ हाताने वाटल्या, अन्न आणि नाम. अनुग्रहासाठी वेदाधिकाराचा प्रश्न येत नाही, कारण रामनामाला तो लागतच नाही. आमच्या भागात बायकांच्या पिशवीत चौकोन छापलेली जपाची वही आणि अंगठ्याने दाबायचं काउंटर हमखास सापडतं ते या वळणामुळे. लिखित जपाची तर बनारसमध्ये एक बँकच आहे, १९२०च्या दशकापासून चालत आलेली. तिथे रामनाम कर्जाऊ मिळतं. कर्जदाराने रोज ५०० प्रमाणे २५० दिवसांत सव्वा लाख रामनामं लिहून भरायची. तारण काही नाही.

दरम्यान वैदिक मंत्रांवरचं कुलूप तसंच होतं, आणि ते राजालाही लागू होतं. १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेकाआधी मुंज करून घ्यावी लागली. २९ मे रोजी मुंज, ६ जूनला अभिषेक, गागाभट्टांच्या हातून. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरी गोसाव्याने तांत्रिक मंत्रांनी दुसरा अभिषेक केला. एकाच गडावर चार महिन्यांत दोन मंत्रशास्त्रं.

सव्वादोनशे वर्षांनी कोल्हापुरात तेच. कार्तिकातलं पंचगंगेवरचं स्नान, शाहू महाराज पाण्यात, आणि भटजी मंत्र म्हणतायत. साल १८९९. सोबत मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. त्यांच्या कानाने पकडलं, की हे वेदोक्त मंत्र नव्हेत, पुराणोक्त आहेत, शूद्रासाठी म्हणतात ते. भटजींनी अंघोळही केलेली नव्हती, आणि विचारल्यावर उत्तर आलं की पुराणोक्ताला अंघोळ कशाला. छत्रपतीला स्वतःच्याच नदीत, स्वतःच्याच पगारी पुरोहिताकडून मिळालेलं हे उत्तर. मोठ्या भांडणाची सुरुवात इतक्या छोट्या वाक्याने होते. शाहूंनी राजोपाध्यांना वेदोक्त विधी करायला सांगितलं, त्यांनी नाकारलं, १९०२ साली त्यांचं वतन जप्त झालं. 'केसरी'तून टिळकांनी वेदोक्ताच्या या आग्रहावर झोड उठवली. त्या लेखनाचा बचाव करणारे आजही भेटतात. मला तो कधी जमला नाही.

शाहूंना पुढे आर्य समाजाचं बळ मिळालं. दयानंदांनी १८७५ साली मुंबईत तो स्थापला, त्याच वर्षी पुण्यात येऊन व्याख्यानं दिली. गायत्री सर्वांना, बायकांना आणि शूद्रांनाही, अर्थासकट, ही त्यांची शिकवण. पुण्यात १९७०च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं, तेव्हा त्या शिकवणीला शंभर वर्षं होऊन गेली होती. जे ऐकण्यासाठी कानाला शिक्षा सांगितली होती, ते मंत्र आता नऊवारी नेसलेली बाई ध्वनिवर्धकावरून म्हणते आणि यजमान वेळेवर दक्षिणा देतो.

गंमत अशी, की इथे कुलूप उघडत असताना परदेशात नवं कुलूप विकलं जात होतं. महेश योगी हे ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य. भौतिकशास्त्र शिकलेले, जन्माने ब्राह्मण नव्हते म्हणून त्या पीठावर कधी बसू शकले नसते. १९५९ साली ते अमेरिकेला गेले. त्यांच्या भावातीत ध्यानाची दीक्षा म्हणजे फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन यायचं, शिक्षक संस्कृतात गुरुपूजा करणार, मग कानाशी एक छोटा ध्वनी. तो कुणाला सांगायचा नाही. अर्थ विचारायचा नाही. असलाच तर त्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये सुरुवातीला दक्षिणा म्हणून एका आठवड्याचा पगार घेत. १९६८ साली बीटल्स ऋषिकेशला येऊन बसले आणि पुढचं जगाला माहीत आहे. शालीची जागा फीच्या पावतीने घेतली, एवढाच माझ्या मते फरक. अधिकार जन्माऐवजी पैशावर आला, हे पुढचं पाऊल म्हणावं की मागचं, यावर माझं आणि माझ्या मुलाचं एकमत होत नाही. तो म्हणतो, पैसे तरी कमावता येतात.

न्यू जर्सीच्या सरकारी शाळांत हे ध्यान शिकवायला घेतलं तेव्हा पालक न्यायालयात गेले. संस्थेचं म्हणणं, यात धर्म नाही. न्यायालयाने पूजेतल्या संस्कृत श्लोकांचं भाषांतर वाचलं आणि १९७७ साली निकाल दिला, की आहे. १९७९ साली वरच्या न्यायालयानेही तो कायम केला. कौत्साचा मुद्दा अमेरिकी न्यायाधीशापुढे टिकला नाही. त्याच सुमारास हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सनने उलटा प्रयोग केला. भावातीत ध्यान करणाऱ्यांचा प्राणवायूचा वापर आणि श्वासाचा वेग घटतो, हे त्याने सहकाऱ्यांबरोबर मोजलेलं होतं. १९७५च्या पुस्तकात त्याने लिहिलं, की गुप्त मंत्राची गरज नाही, कोणताही साधा शब्द चालेल. त्याने सुचवलेला शब्द होता 'वन'. एक. मोजायचंसुद्धा पुढे नाही.

आणि मग इगतपुरी. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना घेऊन. धम्मगिरी १९७६ साली सुरू झालं. तिथे मंत्र नाहीच. आपापले जप, माळा, प्रार्थना शिबिराचे दहा दिवस बाजूला ठेवायच्या. नाकपुड्यांशी जाणवणारा श्वास बघायचा, त्याला नाव द्यायचं नाही, मोजायचं नाही. गोयंका कारणही देतात: शब्द घेतला तर मन लवकर एकाग्र होतं खरं, पण आपल्याला शरीरात जे प्रत्यक्ष घडतंय ते पाहायचं आहे. मंत्राविरुद्धचा इतका सभ्य युक्तिवाद मी दुसरीकडे वाचलेला नाही.

माझी धाकटी नणंद गोंदवल्याची अनुग्रहित. रोज अकरा माळा, प्रवासातसुद्धा. गुडघेदुखीवर कुणीतरी सुचवलं म्हणून ती इगतपुरीला जाऊन आली. नियम काटेकोर पाळले, माळ घरीच ठेवून गेली होती. शिबिर फार आवडलं असं तिने सांगितलं, गुडघ्याबद्दल काही बोलली नाही, आणि चहा ठेवायच्या आत माझ्याकडे कागद-पेन मागितलं.

"दहा दिवस अकरा, म्हणजे एकशे दहा माळा थकल्या. रोज दोन जास्तीच्या केल्या तर पंचावन्न दिवसांत फिटतील ना गं वहिनी?"

"व्याज धरलं नाहीस," मी म्हटलं.

तिने पेन परत उघडलं. "किती टक्क्यांनी?"